बाजारपेठेतलं थेटर वाचवायचं तर मागे १४ मजली टॉवर? मत सांगा

खाडीकाठ · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला पुढच्या दोन ओळींत कळेल, बाकीच्यांनी कोकणातलं कुठलंही तालुक्याचं गाव समजावं.

एसटी स्टँडवरून मच्छीमार्केटकडे उतरताना डाव्या हाताला आमचं जुनं थेटर आहे. आधी नाटकाचं, मग सिनेमाचं, मग दोन्हीचं, आणि गेली सतरा-अठरा वर्षं कशाचंच नाही. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दर्शनी बाजूला चुन्यात काढलेले दोन मोर. पैकी एकाला मान नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते गेलं तेव्हा मागची कौलं उडाली आणि त्यानंतरचे पावसाळे थेट खुर्च्यांवर पडले.

आता एका बिल्डरचा प्रस्ताव आलाय. थेटरामागे जिथे सायकल स्टँड होता तिथे १४ मजली टॉवर, ८४ फ्लॅट. त्या बदल्यात थेटराची दुरुस्ती त्याच्या खर्चाने, ३०० खुर्च्यांचं नाट्यगृह करून नगरपरिषदेच्या ताब्यात. गावाच्या आत्ताच्या विकास आराखड्यात एवढी उंची बसत नाही म्हणून फेरबदल करायचाय. हरकती-सूचनांना एक महिना आहे, त्यातले नऊ दिवस गेले.

आमच्या घरात माणसं तीन, मतं तीन. बाबा म्हणतात, चौदा काय चाळीस मजले बांध, पण माझ्या डोळ्यांदेखत तिथे एकदा पडदा वर जाऊ दे. बायको म्हणते, आत्ताच दर मे महिन्यात एक दिवसाआड पाणी येतं, अजून ८४ बिऱ्हाडं कशाला? मला दोन्ही पटतं, म्हणून झोप लागत नाही. तुमच्याकडे असं कुठे झालंय का?

मुलुखमैदान · शुक्रवार, रात्री ९.५२

चणे-फुटाणे घेऊन बसलो आहे. शंभरी नक्की.

मालवणी_मसालो · शुक्रवार, रात्री १०.०५

मेल्यानू, आमच्या दशावताराक खय लागता थेटर? देवळाच्या फुडे मांडव, एक बाकडा, मागे पडदो, बाजूक पेटी, मृदंग नि झांज. बाकड्यार राजा बसलो की राजवाडो, उठलो की रान. तुमी १४ मजले चढान इंद्रसभा दाखवतलास की काय?

लालबागचा_चाकरमानी · शुक्रवार, रात्री १०.३१

मी शिव्या खाणार हे माहीत आहे, तरी लिहितो. मला असा फ्लॅट हवाय. गावचं घर वाडीत, रस्त्यापासून एकशे दहा पायऱ्या खाली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला मुंबईत करमत नाही आणि गावी उतरता येत नाही. बाजारात लिफ्ट असलेली इमारत, खाली डॉक्टर, समोर मासळी, हे तिच्यासाठी स्वर्ग आहे. टॉवर म्हटलं की लगेच नाक मुरडू नका.

दुसरं म्हणजे थेटराबद्दल आशा फार ठेवू नका. आमच्या परळचं दामोदर नाट्यगृह, शंभरी पार केलेलं, २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. तेव्हा नाटकवाल्यांची भीती एकच होती, नवीन येईल ते केवढं येईल. पाडताना सगळ्यांना सगळं मोठं दिसतं.

एक_दिवसाआड · शुक्रवार, रात्री १०.४४

चाकरमानी भाऊ, आईंना बरं वाटो. पण ८४ पैकी तुमच्यासारखे किती? आमच्या शेजारच्या सात मजली इमारतीत गणपती आणि मे सोडले तर रात्री पाच खिडक्यांत दिवा असतो. बाकीचे फ्लॅट कुलूप लावून वाट बघतात, कोण कशाची ते मला माहीत नाही. सोसायटीचा वॉचमन तीन मजले सोडून बाकी लाईट बंद ठेवतो, तेवढीच बचत.

माझ्या नावावरून कळलंच असेल, मी वहिनींच्या बाजूचा. पाण्याचं एक, मैल्याचं दुसरं. गावात भुयारी गटार नाही, सगळं सेप्टिक टँकवर. १४ मजल्यांचा टँक पावसात भरला की पाणी कुठे जाणार? उताराने. उताराला काय आहे? मच्छीमार्केट. जय हो.

तिसरी_घंटा · शनिवार, सकाळी ७.१५

मी हौशी नाटकवाली. राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रावर सहा वर्षं उतरलेय, त्यातली चार पडद्यामागे. त्यामुळे माझे प्रश्न जरा वेगळे आहेत. खुर्च्या किती हे सगळे सांगतात. रंगमंचाची खोली किती? विंगा किती, दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? नेपथ्याचा टेम्पो मागे लागतो का, की सोफासेट प्रेक्षकांमधून डोक्यावरून न्यायचा? बायकांच्या मेकअपरूमला संडास आतून आहे का? हसू नका. एका "नूतनीकरण झालेल्या" सभागृहात नऊवारी नेसून, डोक्यावर पदर आणि हातात छत्री घेऊन पावसातून मागच्या अंगणात गेलेय मी. परत आले तेव्हा माझी एन्ट्री होऊन गेली होती. समोरच्याने माझी दोन वाक्यं स्वतःच म्हणून टाकली.

टॉवर किती मजली, याच्याशी मला फार देणंघेणं नाही. नगरपरिषदेच्या ताब्यात गेल्यावर ते नाट्यगृह राहील की लग्नाचा हॉल होईल, याच्याशी आहे.

मुलुखमैदान · शनिवार, सकाळी ७.२२

डोक्यावर पदर आणि हातात छत्री! ताई, तेच नाटक करायचं होतं, पहिलं आलं असतं.

चिरा_चुना · शनिवार, सकाळी ११.०३

तीस वर्षं बांधकामात घालवली आहेत, त्यातली शेवटची दहा जुनी घरं आणि देवळं दुरुस्त करण्यात. थोडं लांबेल.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. पण सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हात ते परत सोडतो. जुन्या लोकांनी त्याला चुन्याचा गिलावा केला, कारण चुना त्या भिंतीला श्वास घेऊ देतो. "नूतनीकरण" करणारा कंत्राटदार काय करतो? सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आणि वर चकचकीत रंग. पाणी आत अडकतं, तीन पावसाळ्यांत पोपडे, पाचव्यात चिरा भुगा. म्हणजे दुरुस्तीच भिंत मारते. त्या प्रस्तावात "चुना" हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर ती रंगरंगोटी आहे.

दुसरी गोष्ट टॉवरच्या पायाची. १४ मजले म्हणजे गाड्यांसाठी तळघर आलंच. थेटराची जुनी भिंत फारतर चार-पाच फूट खोल पायावर उभी असेल. तिच्या शेजारी खोल खड्डा काढायचा, पाणी उपसत राहायचं, तर आधी भिंतीला आधार द्यावा लागतो. आणि तुम्ही खाडीकाठी आहात. खड्ड्यातून महिनोन्‌महिने पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि खाडीचं खारं पाणी आत सरकतं. एकदा मचूळ झालेली विहीर दोन पावसाळ्यांत गोडी होत नाही.

तिसरं जाता जाता. खारा वारा सळई खातो. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांची इमारत म्हातारी दिसते. दोन मजली घराच्या गच्चीवरसुद्धा पावसासाठी निळा पत्रा चढतोच. १४ व्या मजल्यावर तो पत्रा चढेल आणि पुढच्या वादळात तो कोणाच्या अंगणात उतरेल, याचा विचार करून ठेवा.

खाडीकाठ · शनिवार, दुपारी १२.१०

चिरा_चुना काका, अतिशय आभारी. माहितीपत्रकात "आधुनिक फिनिश" असा शब्द आहे. चुना कुठे दिसला नाही.

मालवणी_मसालो · शनिवार, दुपारी १२.१४

चुनो लावतले ना, तुमका!

रंकाळा · शनिवार, दुपारी २.४०

मी घाटावरचा, पण राहवलं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघितलंय. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही शंभर-दोनशे माणसं रस्त्यावर उभी, कोणी बोलत नव्हतं, म्हातारे रंगकर्मी लहान पोरासारखे रडत होते. दगडी भिंती उरल्या, आतलं सगळं गेलं.

सांगायचं काय तर नाट्यगृह म्हणजे लाकूड, मखमल, रंग आणि वायरी. तुमच्या थेटरात वीज कितव्या सालची आहे? आणि १४ मजल्यांपर्यंत पोचेल अशी शिडी तुमच्या अग्निशमन गाडीला आहे का?

एक_दिवसाआड · शनिवार, दुपारी २.५५

आमच्या गाडीला शिडी आहे. आंबे काढायची.

बर्फातला_आंबा · शनिवार, रात्री ११.३०

टोरांटोहून. मूळचा तुमच्याच बाजूचा, खाडीच्या पलीकडच्या तीरावरचा.

इथे जवळजवळ हेच झालं आणि बरं झालं, म्हणून सांगतो. मॅसी हॉल नावाचं १८९४ चं सभागृह आहे, शहराच्या अगदी पोटात. आवाजाला इतकं चांगलं की जगभरचे गवई-वादक इथे यायला उत्सुक, पण मागे सामान उतरवायला धड जागा नव्हती, कलाकारांच्या खोल्या अपुऱ्या. शेजारच्या जागेवर एका विकासकाला ६० मजली निवासी टॉवर हवा होता. २०१२ मध्ये ठरलं ते असं: टॉवरला परवानगी, आणि सभागृहाच्या पाठीमागचा जमिनीचा तुकडा सभागृहाला. त्या तुकड्यामुळे मागे नवा भाग जोडता आला, ट्रक लागायला लागले. २०१८ ला सभागृह दुरुस्तीसाठी बंद केलं, २०२१ च्या नोव्हेंबरात उघडलं. जुनी रंगीत काचेची तावदानं सुद्धा परत बसवली. आणि हे सगळं काम बिल्डरच्या पैशात झालेलं नाही. सभागृह चालवणारी संस्था जुनी आणि भक्कम, सरकारी पैसा आला, देणग्या आल्या. टॉवरकडून मिळाली ती मुख्यतः जागा.

न्यूयॉर्कला तर आणखी गंमत. टाइम्स स्क्वेअरचं १९१३ चं पॅलेस थिएटर २०२२ साली जसंच्या तसं जॅकवर ३० फूट वर उचललं आणि खाली दुकानं केली.

मुलुखमैदान · शनिवार, रात्री ११.४१

आमच्याकडे ३० फूट उचलायला काढलं तर मानेचा एकुलता मोर पण उडून जाईल.

मांडवीपार · रविवार, सकाळी ९.००

बिल्डर नको, सरकारने करावं, असं कोणी म्हणेल तर आमच्या पणजीची कला अकादमी आठवा. चार्ल्स कोरियांची वास्तू, १९८३ ची, मांडवीच्या काठावर, अख्ख्या गोंयचं लाडकं ठिकाण. सरकारी पैशाने नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. पैसा कोणाचा, यापेक्षा देखरेख कोणाची हा प्रश्न मोठा.

जाता जाता, तुमच्या थेटराच्या कँटीनमध्ये काय मिळायचं?

खाडीकाठ · रविवार, सकाळी ९.२०

कँटीन कसलं, दाराशी एक आजोबा कांदाभजी तळायचे. मध्यंतराच्या आधी पाच मिनिटं तेलाचा वास बाल्कनीपर्यंत यायचा आणि नायिका मरत असली तरी माणसं उठायला लागायची. आणि गोटी सोडा. बाटली फोडल्याचा आवाज शांत प्रसंगात हमखास.

तिसरी_घंटा · रविवार, सकाळी ९.३२

आणि भज्यांचा कागद! नाटकात सगळ्यात घातक आवाज मोबाईलचा नाही, तेलकट कागदाचा.

बर्फातला_आंबा · रविवार, सकाळी ९.४०

इथे उणे बारा तापमान आहे आणि तुम्ही भजी लिहिताय. निषेध.

(यानंतर भजी, बटाटेवडा विरुद्ध कांदाभजी, आणि गोटी सोड्याची बाटली कोणत्या बोटाने फोडायची यावर एकवीस प्रतिसाद.)

संपादक_मंडळ · रविवार, दुपारी १.००

भज्यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयावर या.

वारस_नंबर_नऊ · रविवार, रात्री ८.१५

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज खातं उघडून लिहितोय, कारण मी त्या थेटराच्या अकरा वारसांपैकी नववा.

प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. दोघं परदेशात, एक काका बाकीच्यांशी बोलत नाहीत, एक आत्या सही करायला तयार आहे पण चष्मा सापडत नाही म्हणते, गेली दोन वर्षं. दर्शनी बाजूला चार दुकानं आहेत, आजोबांच्या वेळचे पागडीचे भाडेकरू. चारही दुकानांचं मिळून महिन्याचं भाडं येतं त्यात एक किलो सुरमई येत नाही. घरपट्टी मात्र वाढलेली आहे.

शेवटच्या खेळाला एकवीस माणसं होती. त्यातली चार आमच्या घरची, तिकीट न काढता बसलेली. तुमच्यातले किती जण आले होते? तौक्तेनंतर आम्ही दोघा भावांनी स्वतः ताडपत्री चढवली, माझा पाय कौलातून आत गेला, सात टाके पडले. "आपला वारसा, आपला वारसा" म्हणून फोटो टाकणारे खूप भेटले. ताडपत्रीला शंभर रुपये दिलेला एक माणूस दाखवा.

बिल्डर काही संत नाही, हे मलाही कळतं. पण गेल्या सतरा वर्षांत दाराशी आलेला तो पहिला माणूस आहे. दुसरा कोणी असेल तर घेऊन या, चहा मी पाजतो.

खाडीकाठ · रविवार, रात्री ८.४०

दादा, वाईट वाटलं. शेवटच्या खेळाला मी नव्हतो. टीव्हीवर क्रिकेट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

तिसरी_घंटा · रविवार, रात्री ८.५८

आम्ही मुंबईहून येणाऱ्या नाटकांना चारशे रुपयांचं तिकीट काढतो आणि गावातल्या नाटकाचे पास मागतो. मीसुद्धा मागितलेत. वारसदादांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही.

मालवणी_मसालो · रविवार, रात्री ९.०४

शंभर रुपये माझे धरा. मस्करी नाय.

कलमबहाद्दर · सोमवार, सकाळी ८.३०

आता माझी पाळी. वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

एक महिन्याच्या हरकती म्हणजे बहुतेक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७, आराखड्यातल्या फेरबदलाचं. हरकत लेखी द्या, पोच घ्या. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा नेमका मुद्दा सांगणारा एक अर्ज जड असतो.

खाडीकाठ म्हणताय म्हणून: किनारा नियमन क्षेत्राची (समुद्र-खाडीलगतच्या, बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची) रेषा जागेवरून जाते का ते आधी बघा. २०११ च्या अधिसूचनेत शहरी भागात चटईक्षेत्र, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल ते, जुन्या नियमांवर गोठवलेलं होतं, २०१९ च्या अधिसूचनेने ते मोकळं केलं. कोकणातल्या बाजारपेठांत अचानक उंच इमारतींचे प्रस्ताव का दिसायला लागले याचं एक कारण तिथे आहे. दुसरं २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली.

आता पैशाचं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे फ्लॅटवाल्यांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर-बांधकामावर खर्च होतात. हे ग्राहकासाठी चांगलं. पण थेटर जर नोंदणी केलेल्या प्रकल्पाचा भागच नसेल, तर त्याला त्या खात्यातून पै मिळणार नाही. मग ते उरलेल्या पैशातून होणार, म्हणजे सगळ्यात शेवटी. आणि शेवटी बाजार पडलेला असतो, सिमेंट महागलेलं असतं, बिल्डर आजारी असतो.

म्हणून मागायचं ते हे. थेटराचं काम आधी, निदान छप्पर आणि भिंती टॉवरचा पाया खणण्याआधी. थेटर पूर्ण होऊन ताब्यात आल्याशिवाय टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) नाही. आणि थेटराच्या खर्चाएवढी बँक हमी नगरपरिषदेकडे. नुसतं हमीपत्र नको. हमीपत्राचे कागद आमच्याकडे कपाट भरून आहेत.

आणखी एक मार्ग पुस्तकात आहे: वास्तू वारसा यादीत घालून न वापरलेलं बांधकाम हस्तांतरणीय हक्क म्हणून दुसरीकडे विकायचं. टॉवर मग त्याच जागेवर लागत नाही. पण लहान गावात ते हक्क विकत घेणार कोण? कागदावर चांगलं दिसतं, बाजारात गिऱ्हाईक नाही.

माहितीपत्रकावर जाऊ नका. नगरपरिषदेत जाऊन मूळ नकाशा बघा.

लालबागचा_चाकरमानी · सोमवार, सकाळी ९.१०

वकीलसाहेब, थेटर रखडलं तर माझ्या भोगवट्याला लटकवणार? माझ्या आईचं काय? गावाच्या नाटकासाठी फ्लॅटवाले ओलीस?

कलमबहाद्दर · सोमवार, सकाळी ९.२५

हो, हा अन्याय आहेच. म्हणूनच बँक हमी. ती असेल तर बिल्डर थांबला तरी नगरपरिषद पैसे वटवून काम पुरं करू शकते आणि तुमची किल्ली अडत नाही. एकच मागायचं झालं तर मी हमी मागेन.

खाडीकाठ · मंगळवार, रात्री १०.२०

नगरपरिषदेत जाऊन आलो. अर्धा दिवस रजा, तीन टेबलं, एक "साहेब मीटिंगला आहेत", पण नकाशा बघायला मिळाला. फोटो काढू दिला नाही, वहीत उतरवून घेतला.

मोर आहेत. दर्शनी भाग "जतन", प्रेक्षागृह "जतन", लाकडी बाल्कनी "जतन", सगळं हिरव्या रंगात. किनारा रेषा थेटराच्या अलीकडून जाते, म्हणजे जागा बाहेर आहे. तळघर एकच मजला.

तिसरी_घंटा ताईंच्या प्रश्नामुळे मी रंगमंच शोधला. मंचाचा पुढचा भाग आणि कमान हिरवी आहे. खोली लिहिलीय ४.३ मीटर. म्हणजे साधारण १४ फूट. त्याच्या मागे लगेच एक पट्टा आखलाय, ६ मीटर रुंद, त्यावर बाण काढलेत.

तिसरी_घंटा · मंगळवार, रात्री १०.२६

१४ फूट??? त्यात मागचा पडदा आणि त्यामागून इकडून तिकडे जायला वाट सोडली की खेळायला दहा उरतात. एकपात्रीला पुरेल. लग्नाच्या स्टेजला तर एकदम माप.

चिरा_चुना · मंगळवार, रात्री १०.४०

तो ६ मीटरचा पट्टा म्हणजे अग्निशमन गाडीचा रस्ता. उंच इमारतीभोवती गाडी फिरायला एवढी मोकळी वाट लागते, त्यात सूट मागू नये आणि देऊही नये. तळघराचा उतारही त्याच बाजूने काढला असेल. म्हणजे टॉवरला लागणारी वाट मंचाच्या पाठीतून कापली आहे.

जुन्या मंचाची खोली किती होती, कोणाला माहीत आहे?

वारस_नंबर_नऊ · मंगळवार, रात्री १०.५५

लहानपणी आम्ही मंचावर लंगडी खेळायचो, तेव्हा तो मैदानाएवढा वाटायचा. मोठ्या काकांना आत्ता फोन केला. (हो, तेच न बोलणारे. आज बोलले.) ते म्हणाले, सव्वीस-सत्तावीस फूट, मागे सामानाचं दार, त्या दारातून एकदा खरा घोडा मंचावर आणला होता. आम्हाला दाखवलेल्या चित्रात समोरचे मोर आणि आतल्या लाल खुर्च्या होत्या. मंच मागून कापलाय हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

बर्फातला_आंबा · मंगळवार, रात्री ११.१५

थांबा. मी वर लिहिलं होतं, मॅसी हॉलला टॉवरवाल्याकडून मागची जमीन मिळाली. तुमच्याकडे टॉवरवाला मागची जमीन घेतोय, मंचासकट. सौदा दिसायला तोच, पण उलटा. मी उगाच शिफारस केल्यासारखं झालं, माझा आधीचा प्रतिसाद त्या बेताने वाचावा.

रंकाळा · मंगळवार, रात्री ११.३०

आणि मागचं सामानाचं दार गेलं, म्हणजे मंचावरच्या माणसांची पळायची वाटही गेली. हे हरकतीत लिहाच.

एक_दिवसाआड · बुधवार, सकाळी ७.०५

आम्ही चार दिवस उंची मोजत होतो, त्यांनी खोली कापली. मानलं!

लालबागचा_चाकरमानी · बुधवार, सकाळी ८.४०

टॉवर वीस फूट मागे सरकवता येणार नाही का? माझा फ्लॅट लहान झाला तरी चालेल. दोन फ्लॅट कमी करा मजल्यावर.

चिरा_चुना · बुधवार, सकाळी ९.१५

मागे किती जागा आहे त्यावर अवलंबून. खाडीकाठ, वहीतली मापं टाकाल का? मागे दुसऱ्याची हद्द लागत असेल तर इमारत सडपातळ करावी लागेल, म्हणजे फ्लॅट कमी, म्हणजे बिल्डरचं गणित बिघडणार, म्हणजे तो मजले वाढवून मागणार. तेव्हा गावाला ठरवावं लागेल. मंच पूर्ण हवा असेल तर कदाचित सोळा मजले पत्करावे लागतील. किंवा टॉवर नको, आणि मग वारसांनी ताडपत्री किती वर्षं चढवायची तेही बोला.

तिसरी_घंटा · बुधवार, सकाळी ९.४०

मी सोळाला तयार आहे, पण पाण्याचं उत्तर मिळाल्यावर. आणि विहिरींचं. आणि चालवणार कोण ते. पण आधी काकांच्या आठवणीवर हरकत नको लिहायला. कोणीतरी टेप घेऊन आत जाऊन मंच मोजा. मोजलेलं माप लिहिलं की खोडता येत नाही.

वारस_नंबर_नऊ · बुधवार, सकाळी १०.०२

किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी दहा वाजता, मागच्या सामानाच्या दाराशी. पुढचं शटर गंजून बसलंय, ते उघडत नाही. आत वटवाघळं आहेत, डोकं झाकून या. डाव्या विंगेतल्या तीन फळ्या पोकळ आहेत, तिथे पाय देऊ नका, मी खडूने खूण करून ठेवतो. मोठे काका पण येतो म्हणाले.

चिरा_चुना · बुधवार, सकाळी १०.१०

पन्नास फुटी टेप आणि ओळंबा मी आणतो. भिंतीचा गिलावा थोडा खरवडून बघीन, चालेल ना?

वारस_नंबर_नऊ · बुधवार, सकाळी १०.१२

मोराला हात लावू नका म्हणजे झालं.

खाडीकाठ · बुधवार, दुपारी १.३०

बाबांना सांगितलं. सकाळपासून शर्टाला इस्त्री करून बसलेत. आज बुधवार आहे, हे सांगून झालं.

मालवणी_मसालो · बुधवार, दुपारी १.४४

बॅटरी नि शंभर रुपये घेवन येतंय. भजी कोण तळतलो?